कुलूप बघून येतो

प्रिय दादा,

सगळ्यात आधी हे सांगते की घरात सगळे धडधाकट आहेत. आई, बाबा, मामा आणि मी. पुढचं वाचताना उगाच घाबरू नकोस. सध्या मी जेवते, कामावर जाते, लोकांशी बोलते आणि मध्येच थबकते, कुणीतरी पाठीमागून टपली मारून पळून गेल्यासारखी. आई म्हणते, "तोंड मीट, माशी जाईल." पण तिची तरी कुठे वेगळी गत आहे? परवा तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि बाबांनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत निमूट प्यायला. यावरून घराची काय अवस्था आहे ते तू ओळख.

माझ्याकडे तुझा पत्ता कुठून आला, असं वाटेल तुला. मी पदवीधर झाले तेव्हा तू कार्ड पाठवलं होतंस ना, त्या पाकिटाच्या मागे होता. तो तू मुद्दाम लिहिलास की सवयीने, ते मला माहीत नाही, पण मी तो पाठ केला. 'घरातल्या पहिल्या पदवीधर पेन्सिलीला' असं वर लिहिलं होतंस. या नावाने आता मला कुणी हाक मारत नाही, आणि मी आता तेवढी बारीकही राहिलेली नाही. कार्ड मी कुणाला दाखवलं नाही. आपल्या घरात तुझं नाव निघत नाही. आई कधी तुझ्या आवडीची पातळ भाजी करते आणि "आज ही केली" एवढंच म्हणते. बाबा ताट पुसून पुसून खातात. मामासुद्धा, ज्याला गप्प बसायचे पैसे दिले तरी जमणार नाही, त्या दिवशी खाली मान घालून जेवतो. चार वर्षं हे असं चाललंय, आणि या चार वर्षांत मला एकच गोष्ट हवी आहे: तू या घरात परत यावंस. तुझा जुना नंबर लागत नाही. म्हणून हे पत्र, आणि ते मी क्रमाने लिहिणार आहे, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

मला नोकरी लागली हे तुला कळलं नसेल. काम शोधणाऱ्या लोकांना मदत करणारं एक केंद्र आहे, तिथे मी सल्लागार आहे. पद मोठं आहे, टेबल लहान आहे आणि त्याचा एक पाय डुगडुगतो, त्याखाली मी पुठ्ठा घातलाय. माझ्यापुढे येऊन बसणारे बहुतेक जण माझ्याहून वयाने मोठे. कुणाचं काम सुटलेलं, कुणाला मिळालेलंच नाही. मला वाटलं होतं, त्यांना अर्ज लिहायला शिकवायचं, मुलाखतीची तयारी करून घ्यायची. पण खरी अडचण त्याच्याही आधीची निघाली. त्यांचा दिवसच त्यांच्या हातात नसतो. सकाळी उठल्याबरोबर धास्ती वाटते, ती विसरायला हातात फोन घेतात, आणि मान वर करतात तेव्हा दुपार सरलेली असते. मग दिवस वाया गेल्याची धास्ती, आणि पुन्हा फोन. हे मला पुस्तकातून कळायची गरज नव्हती. शेवटच्या परीक्षेआधी मीही अशीच होते. किती वाजले बघायला फोन उचलायचे आणि कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या कुत्र्याच्या करामती बघत बसायचे. ठेवताना लक्षात यायचं, किती वाजले ते बघायचंच राहिलं.

केंद्राने आम्हाला दिवस ठरवून जगायचं शिक्षण दिलं. ऐकायला शाळकरी वाटतं, पण ऐक. सकाळी कामाला लागण्याआधी शांत बसायचं आणि आजचा दिवस कशासाठी आहे ते ठरवायचं. कागदावर थोडे चौकोन काढायचे, जास्त नाहीत. मध्ये मोकळी जागा सोडायची, कारण दिवसालाही श्वास लागतो. एका चौकोनात एकच काम, आणि त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत. आणि सगळ्यात गंमत म्हणजे, काळजीलाही एक चौकोन द्यायचा. ती सकाळी दारात येऊन उभी राहिली की तिला सांगायचं, तुझी वेळ संध्याकाळची आहे, तेव्हा ये, मी नक्की भेटेन. लोक पहिल्यांदा हसतात. आमच्याकडे येणारा एक धिप्पाड बसचालक तर म्हणाला, "ताई, काळजी काय भेटीची वेळ घेऊन येते का?" पुढच्या वेळी आला तो दाढी करून. म्हणाला, झोप लागली. दादा, त्या दिवशी मी घरी चालत नाही, उडत आले. आणि तुला माझा स्वभाव माहीत आहे. जगाचं भलं करायला निघाले की सुरुवात आपल्याच घरच्यांपासून करायची.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर मी मोठा कागद लावला. प्रत्येकाचे चौकोन वेगळ्या रंगाचे. मामाने कमरेवर हात ठेवून तो वाचला आणि म्हणाला, "शिंकायचं कधी, तेही लिहून टाक, म्हणजे राहून जायला नको." पण संध्याकाळचा त्याचा फोन तांदळाच्या डब्यात जायला लागला, आणि बेकरीची गाडी चालवून आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडणारा आपला मामा पत्त्यांचा डाव मांडायला लागला. आईला मी 'आईचा वेळ' असा एक चौकोन दिला. त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही. पहिले काही दिवस ती पलंगाच्या कडेला बस चुकल्यासारखी बसून राहायची. दिवसभर लाँड्रीत इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करणारी बाई, रिकाम्या हातांचं काय करायचं हेच तिला कळेना. मग एक दिवस आतून गुणगुणणं ऐकू आलं. मामा आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. आई गाते, हे आम्ही विसरून गेलो होतो. म्हणजे हे सगळं खरंच चाललं, दादा. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून मला नावं ठेव, पण हे लक्षात असू दे.

राहिले बाबा. बाबांचं कुलूप तुला माहीत नसणार, ते तू गेल्यानंतर सुरू झालं. नेमकं कधी, हे कुणी लक्षात ठेवलं नाही. सकाळी आम्ही चौघं एकदमच बाहेर पडतो. बाबा दार ओढून घेतात, किल्ली दोनदा फिरवतात, हँडल दाबून बघतात. आम्ही सगळे बघत असतो. जिने उतरून, रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानापाशी आलो की बाबा थांबायचे. "तुम्ही व्हा पुढे, कुलूप लागलंय का बघून येतो." मामा ओरडायचा, "भावोजी, लागलंय! मी साक्षीदार आहे, शपथेवर सांगतो!" काही उपयोग नाही. "बघून येतो." पाऊस असो, ऊन असो, कामावर उशीर होत असो, बाबा मागे वळायचेच. आम्ही म्हणायचो, जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, प्रत्येक नट दोनदा आवळून बघायची सवय, ती अंगात मुरली. एकदा आई ताप आला म्हणून दुपारीच घरी आली, तर दार नुसतंच लोटलेलं. संध्याकाळी तिने बाबांना धारेवर धरलं, "परत जाऊन बघता, आणि तरी उघडंच टाकता? डोकं ठिकाणावर आहे का?" बाबा म्हणाले, "राहिलं असेल." तेव्हापासून आम्हाला त्यांची कीवच यायला लागली. बिचारे विसरतात, म्हणून घाबरतात, म्हणून परत जातात.

आता या सवयीवर तुझी शिकलेली बहीण उपाय करणार नाही तर कोण करणार? मी त्यांना समोर बसवलं आणि केंद्रात बोलते त्या सुरात बोलले. म्हणाले, बाबा, तुम्ही परत जाता तेव्हा काळजी कमी होत नाही. तिला खाऊ मिळतो, दुसऱ्या दिवशी ती जास्त भूक घेऊन येते. या वाक्यावर मी फार खूश होते. बाबा मान तिरकी करून ऐकत होते, बंद पडलेल्या मोटारीचा आवाज ऐकतात तसे. मग त्यांनी विचारलं, "आणि परत गेलोच नाही तर?" मी म्हणाले, काही होणार नाही. "काही होणार नाही," ते माझ्या मागून हळूच म्हणाले. मला तो होकार वाटला.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं तसं त्यांनी किल्ली फिरवली आणि मोठ्याने म्हणाले, "कुलूप लावलं." कोपऱ्यावर त्यांची पावलं जड झाली. मी त्यांचं कोपर धरलं आणि म्हणाले, काळजीला सांगा, संध्याकाळी ये. ते म्हणाले, "येऊ दे." आणि सरळ पुढे गेले, मागे न बघता. मामाने टाळ्या वाजवल्या. चष्मेवाला दुकानाबाहेर येऊन बघायला लागला. कामावर बाबा सगळ्यांना सांगत होते म्हणे, आमची पोरगी शिकलेली आहे, ती म्हणते ते करून बघतोय. माझ्या छातीवर कुणी पदक लावलं असतं तरी मी इतकी फुगले नसते.

पण बाकी सगळ्यांना जे लागू पडलं ते बाबांच्या बाबतीत उलटं फिरायला लागलं. त्यांचं जेवण कमी झालं. कुणाशी बोलता बोलता हरवायचे. एकदा लिफ्टच्या खोलीत पाना विसरून आले. बाबा, आणि पाना विसरले! मामा म्हणाला, "आता सूर्य कुठून उगवतो तेही बघायला हवं." कामावरून आले की जिना चढताना धापा टाकायचे, इतके घाईत असायचे, आणि दार उघडून आत आले की आधी चारही कोपऱ्यांत नजर फिरवायचे. रविवारी मात्र एकदम ठीक. मी स्वतःशी नोंद केली की विश्रांतीचा फायदा होतोय. रविवारी घरात दिवसभर कुणी ना कुणी असतं आणि दार उघडंच असतं, हे माझ्या पदवीला सुचलं नाही.

आमची काळजीची वेळ जेवणाआधीची. चौघं स्वयंपाकघरात बसतो, मामाच्या फोनवर गजर लावतो, तो कोंबड्यासारखा आरवतो. नियम एकच, एक जण आपली काळजी सांगणार आणि बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही, उपाय सांगायचा नाही, नुसतं ऐकायचं. कोंबडा आरवला की काळज्या संपल्या, ताटं घ्यायची. आईची काळजी लाँड्रीतल्या वाफेच्या नळीची आणि गुडघ्यांची. मामाची केसांची, जे उरलेत त्यांची. माझी अशी की मला काही येत नाही हे एक दिवस केंद्रात सगळ्यांना कळेल. बाबांची रोज एकच, "कुलूप." मामाला नियम पाळणं जमायचं नाही, तो म्हणायचा, "अहो, लागलेलं आहे, भावोजी!" बाबा म्हणायचे, "हो, लागलेलं आहे." आणि आम्ही हसायचो.

मग गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांची पाळी आली, आणि मामा हसायला तोंड उघडतोय तेवढ्यात त्यांनी हात वर केला. म्हणाले, "नियम आहे ना मध्ये न बोलण्याचा? मग ऐका. मी कुलूप बघायला कधी परत गेलोच नाही. उघडायला जायचो."

दादा, आम्हाला एवढ्या सरळ वाक्याचा अर्थ लागेना. आईच्या हातात दोऱ्याचं रीळ होतं, ते तसंच वर राहिलं. बाबा टेबलाकडे बघून बोलत होते, दिवसभराच्या कामाचा तपशील द्यावा तसे. "रोज सकाळी तुमच्यादेखत कुलूप लावायचो, कोपऱ्यावरून मागे जाऊन काढायचो. संध्याकाळी सगळ्यांच्या आधी मीच घरी यायचो, त्यामुळे तुम्हाला कळलं नाही. चार वर्षं. मी त्याला म्हणालो होतो, या दारावर पुन्हा थाप मारायची नाही. बोललो ते बोललो. शब्द मागे घेता येत नाही, ही माझी खोड, ती तुम्ही सगळे ओळखता. पण थाप मारायची नाही म्हणालो होतो. यायचं नाही, असं नव्हतो म्हणालो. किल्ली तो टेबलावर टाकून गेला. मग त्याने आत यायचं कसं? म्हणून उघडं ठेवायचो. तुम्हाला सांगितलं असतं तर तो शब्द मागे घेतल्यासारखाच झाला असता. आता पोरीने सांगितल्यापासून बंद असतं. तर माझी काळजी अशी, की तो नेमका आता येईल." कुणी हललं नाही. नियमच होता. आणि तेवढ्यात कोंबडा आरवला. आरवतच राहिला, दादा, आणि चौघांपैकी एकालाही हात पुढे करून तो बंद करणं सुचलं नाही.

तो दिवस मला लख्ख आठवला. तू लिफ्टचं शिक्षण अर्धवट सोडून जहाजावर स्वयंपाकी म्हणून जायचं ठरवलं होतंस. बाबा ओरडत होते की तुला तिथे चिकटवायला मी साहेबांपुढे हात जोडले, आणि तू म्हणालास, हात तुम्ही जोडलेत, लिफ्ट मी का ओढू? मी ताटं घेऊन दारात उभी होते. तू टेबलावर टाकलेली किल्ली घसरून माझ्या पायाशी पडली. बाबांचं ते वाक्य मी ऐकलं, आईने ऐकलं, आणि आम्ही दोघींनी त्याचा एकच अर्थ घेतला, जो कुणीही घेईल. तूही तोच घेतलास. त्याच वाक्यात त्यांनी स्वतःसाठी एक फट शोधली असेल आणि रोज जिने चढून ती मोकळी ठेवत असतील, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. मी लोकांना त्यांची काळजी ओळखायला शिकवते, दादा, त्यासाठी मला पगार मिळतो!

आईचं भान परत आलं तेव्हा ती आधी उठून कपाटं उघडून बघायला लागली, जणू चोर त्याच संध्याकाळी येऊन गेलाय. "चार वर्षं माझं घर उघडं! भर दिवसा! अहो, तुम्हाला काही वाटलं कसं नाही?" मामा म्हणाला, "ताई, चार वर्षांत एक चमचा हलला नाही. एखादा चोर येऊन गेलाही असेल, आपली अवस्था बघून त्यालाच लाज वाटली असेल." कुणी हसलं नाही. मग आईच हसली, आणि ते हसणं मध्येच फाटलं आणि ती रडायला लागली. डोळे पुसून ती बाबांना खालच्या आवाजात म्हणाली, "मला सांगायचं होतंत. मीही उघडं ठेवलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दाराबाहेर उभे. बाबांच्या हातात किल्ली, आणि काय करायचं ते कुणालाच कळेना. आईने ती किल्ली घेतली, दोनदा फिरवली, हँडल दाबून बघितलं. बाबा जमिनीकडे बघत होते. आम्ही निघालो. चष्म्याच्या दुकानापाशी आई थबकली. म्हणाली, "मी गॅस बंद केला का? तुम्ही व्हा पुढे, बघून येते." तिने गॅस आमच्या सगळ्यांसमोर बंद केला होता. आम्ही पुढे झालो नाही. तिघं काचेतल्या चष्म्यांकडे बघत उभे राहिलो, जणू आज घ्यायचेच आहेत. आई गुडघे सावरत परत आली आणि बाबांकडे न बघता म्हणाली, "बंद होता." त्यानंतर रोज सकाळी कुणाचं तरी काहीतरी घरी राहतं. मामाची टोपी राहिली. माझा डबा राहिला. बाबांना एकदाही मागे जावं लागलेलं नाही. कपाटावरच्या कागदावर याचा चौकोन नाही, आणि तो कुणी काढणारही नाही. बाबा पुन्हा नीट जेवायला लागलेत.

आता हे सगळं आजच का लिहितेय ते सांगते. काल संध्याकाळी समोरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींनी मला जिन्यात गाठलं. त्या तू गेल्यानंतर राहायला आल्या, तुला ओळखत नाहीत. उजेडासाठी दार अर्धं उघडं ठेवून मशीनवर बसलेल्या असतात. म्हणाल्या, "अगं, तुझ्या बाबांनी ते सकाळचं परत येणं बंद केलं ना, त्याच आठवड्यात तुमच्याकडे कुणी आलं होतं. माझ्यापुढे गणवेशांचा ढीग होता, सांगायचं राहूनच गेलं. उंच, दाढीवाला. आधी वाटलं मीटर बघायला आलाय. पण मीटरवाला दार बंद असताना बूट काढेल का? याने बूट काढले, भिंतीला लावून नीट ठेवले आणि हँडल दाबलं. हलकेच. बेल नाही, थाप नाही. थोडं थांबून पुन्हा दाबलं. मग पायरीवर बसून किती तरी वेळ लेस बांधत होता. मी विचारलं, कोण हवंय? म्हणाला, कुणी नाही. आणि गेला." दादा, मी कठडा धरून तिथेच उभी राहिले. मावशींना म्हणाले, हे घरात कुणाला सांगू नका. काल काळजीच्या वेळेला माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, आज काही नाही. नियमात तेवढी सूट आहे, आणि तुझं उत्तर येईपर्यंत मी रोज तेच म्हणणार आहे. बाबांना हे सांगायचं तर आधी मला नक्की कळायला हवं, कारण तो दुसराच कुणी असला तर त्यांना पुन्हा पहिल्यापासून वाट बघावी लागेल, आणि तू असलास तर... तर पुढचं मला लिहिता येत नाही. एवढंच कळव, तो तू होतास का? आणि असलास, तर पायरीवर बसून तू जे काही समजलास ते खोटं आहे. ते दार बाबांनी लावलेलं नव्हतं. ते मी लावलं होतं, चांगलं करायला जाऊन, कोपर धरून त्यांना पुढे नेऊन. परत ये. थाप मारू नकोस, बेल वाजवू नकोस, त्यांनी तो शब्द अजून मागे घेतलेला नाही आणि घेणारही नाहीत. बूट काढ आणि नुसतं हँडल दाब.

तुझं उत्तर येईपर्यंत रोज काहीतरी घरी विसरणारी,
तुझीच
पेन्सिल